यजमान रेणू : सेंद्रिय प्रकाशदीपांमागील रसायन

आपल्या संस्थेच्या या स्मरणिकेत विज्ञानविषयक लेख असावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा विषय शोधण्यासाठी दूर जावे लागले नाही. रोहिणखेडच्या शिवारात कपाशी वेचणाऱ्या मजुरापासून पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यापर्यंत बहुतेकांच्या हाती आज मोबाईल आहे. त्यांतील पुष्कळ मोबाईलचा पडदा 'ओलेड' प्रकारचा असतो. ओलेड म्हणजे सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोड. या पडद्यात जो रेणू प्रकाश देतो, त्याचे नाव सर्वत्र घेतले जाते. परंतु त्याला आपल्या घरात जागा देणारा, त्याच्यापर्यंत ऊर्जा पोहोचविणारा आणि स्वतः अंधारात राहणारा जो दुसरा रेणू असतो, त्याची ओळख फारच थोड्यांना आहे. रसायनशास्त्रात त्याला 'यजमान' म्हणतात. हा यजमान रेणू कसा असावा लागतो आणि तो प्रयोगशाळेत कसा घडवितात, हे या पाठात पाहावयाचे आहे.

1. 'सेंद्रिय' म्हणजे काय?

आपल्या भागात 'सेंद्रिय' हा शब्द उच्चारला की शेणखत, गांडूळखत आणि दशपर्णी अर्क डोळ्यांपुढे येतात. येथे तो अर्थ नाही. रसायनशास्त्रात कार्बनच्या साखळ्या आणि वलये यांनी बनलेल्या संयुगांना सेंद्रिय संयुगे म्हणतात. साखर, कापूर, हळदीतील पिवळे द्रव्य, कापडाचे रंग ही सारी सेंद्रिय संयुगे होत. आपल्या घरातील साध्या एलईडी दिव्यात गॅलियम नायट्राइडसारख्या असेंद्रिय अर्धवाहकाचा बारीक स्फटिक असतो. ओलेडमध्ये त्याऐवजी सेंद्रिय रेणूंचे अत्यंत पातळ थर असतात.

हे थर किती पातळ? सर्व सेंद्रिय थरांची एकत्रित जाडी साधारणपणे 100 ते 200 नॅनोमीटर भरते. माणसाचा केस सुमारे 70,000 नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत असे कित्येक शे दिवे एकावर एक रचता येतील. त्यांतही प्रत्यक्ष प्रकाश निर्माण होतो तो थर अवघा 30 नॅनोमीटरच्या आसपास असतो.

या थरांच्या एका बाजूस पारदर्शक विद्युत-अग्र असते. ते काचेवर इंडियम आणि टिन यांच्या ऑक्साइडचा लेप देऊन केलेले असते. दुसऱ्या बाजूस ॲल्युमिनियमसारख्या धातूचे अग्र असते. विद्युतदाब दिला की धातूच्या बाजूने इलेक्ट्रॉन आत येतात, आणि पारदर्शक अग्राच्या बाजूने इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे 'होल', आत येतात. ही दोन्ही मधल्या थरात भेटली की एक उत्तेजित अवस्था निर्माण होते. तिला एक्सायटॉन म्हणतात. ती अवस्था शांत होताना तिच्यातील ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. दिव्याचे सारे तत्त्व एवढेच. मात्र ते कसोटीस उतरण्यास कित्येक दशके लागली.

2. थोडा इतिहास

1963 साली पोप, कालमान आणि मॅग्नांटे या संशोधकांनी अँथ्रासीन या सेंद्रिय पदार्थाच्या स्फटिकातून विजेच्या साहाय्याने प्रकाश मिळविला. परंतु स्फटिक जाड असल्याने त्यासाठी शेकडो व्होल्टचा दाब द्यावा लागे. असा दिवा खिशात घालून फिरणे शक्य नव्हते.

1987 साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ थरांचा दिवा तयार केला. तो 10 व्होल्टहून कमी दाबावर हिरवा प्रकाश देऊ लागला. त्यातील प्रकाश देणारे संयुग होते ॲल्युमिनियम आणि 8-हायड्रॉक्सिक्विनोलीन यांचे. हे 8-हायड्रॉक्सिक्विनोलीन काही नवलाचे द्रव्य नव्हते. द्रावणातील ॲल्युमिनियमचे प्रमाण मोजण्यासाठी रसायनशास्त्राचे विद्यार्थी ते फार पूर्वीपासून वापरीत आले होते. पिवळा साका तयार करावयाचा, गाळावयाचा, वाळवून वजन करावयाचे आणि टाकून द्यावयाचे, असा तो नेहमीचा प्रयोग. त्या साक्यात एका नव्या उद्योगाचे बीज आहे, हे ओळखण्यास कोणीतरी त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागले.

या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वर्ष 1989 होय. त्या वर्षी टांग, व्हॅन स्लाइक आणि चेन यांनी त्याच ॲल्युमिनियम संयुगात दुसऱ्या एका रंगद्रव्याचा अत्यल्प अंश मिसळला. प्रमाण शेकड्यास एकाच्या आसपास. प्रकाश आता त्या अल्पसंख्य रंगद्रव्याचा येऊ लागला, आणि दिव्याची कार्यक्षमता दुपटीहून अधिक वाढली. मुख्य पदार्थ यजमान झाला आणि मिसळलेला पदार्थ पाहुणा झाला. तेव्हापासून आजतागायत ओलेडची रचना या यजमान-पाहुणा नात्यावर उभी आहे.

3. यजमान हवाच कशाला?

येथे जिज्ञासू विद्यार्थी विचारील की, प्रकाश पाहुणाच देत असेल, तर संपूर्ण थर पाहुण्याचाच का करू नये?

याचे उत्तर स्वयंपाकघरातील हळदीत सापडते. हळदीची चिमूटभर पूड थोड्या स्पिरिटमध्ये ढवळून गाळावी आणि त्या अर्काचे एक-दोन थेंब स्वच्छ स्पिरिटच्या परीक्षानळीत सोडावे. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याचा प्रकाश तिच्यावर टाकला की सारी नळी हिरवट-पिवळ्या तेजाने उजळते. तोच प्रकाश हळदीच्या कोरड्या पुडीवर टाकला, तर त्या मानाने तेज अगदी मंद दिसते. द्रव्य तेच आहे. किंबहुना पुडीत ते कितीतरी अधिक आहे. तरीही तेज कमी.

कारण असे की, प्रकाश देणारे रेणू एकमेकांना खेटून बसले की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते आणि वाटेतच कोठेतरी उष्णता होऊन विझते. त्यांना एकमेकांपासून दूर, मोकळ्या जागेत बसविले तर प्रत्येक जण आपला प्रकाश देऊ शकतो. परीक्षानळीत ही मोकळी जागा स्पिरिट देते. ओलेडच्या घन थरात ती यजमान देतो. म्हणून फॉस्फोरेसंट प्रकारच्या दिव्यात प्रकाश देणाऱ्या थराचा साधारण नव्वद ते पंचाण्णव टक्के भाग यजमानाचा असतो, आणि पाहुणा उरलेल्या पाच ते दहा टक्क्यांत असतो.

स्पिरिट मात्र केवळ जागा देते. यजमानाला त्याहून बरेच काही करावे लागते. विद्युतभार वाहून आणणे, उत्तेजित अवस्था प्राप्त करणे, ती ऊर्जा पाहुण्याच्या हवाली करणे आणि हे सारे हजारो तास न थकता करीत राहणे, ही त्याची कर्तव्ये आहेत.

4. ऊर्जेचा उतार

यजमानाचा पहिला गुण समजण्यासाठी नळगंगा प्रकल्पाचा कालवा आठवावा. कालव्याची पातळी शेताहून उंच असेल तर पाणी आपोआप शेतात उतरते. शेत उंच आणि कालवा खाली असेल, तर शेतात घातलेले पाणीही परत कालव्यात ओघळते. ऊर्जेचेही तसेच आहे. यजमानाची उत्तेजित पातळी पाहुण्याच्या पातळीहून उंच असली पाहिजे.

येथे एक बारकावा आहे. इलेक्ट्रॉन आणि होल यांची भेट झाली की दोन प्रकारचे एक्सायटॉन निर्माण होतात. त्यांना सिंग्लेट आणि ट्रिप्लेट म्हणतात. सरासरीने चारांपैकी एक सिंग्लेट असतो आणि तीन ट्रिप्लेट असतात. साध्या फ्लुओरोसंट पदार्थात केवळ सिंग्लेट प्रकाश देतो. ट्रिप्लेटची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे रुपयातील बारा आणे वाया जातात आणि चार आणेच कामी येतात. 1998 साली बाल्डो, थॉम्पसन, फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमयुक्त पाहुणा वापरून ट्रिप्लेटची ऊर्जाही प्रकाशात आणता येते, हे दाखविले. पुढच्याच वर्षी इरिडियमयुक्त हिरवा पाहुणा आला. जड धातूच्या अणूमुळे ट्रिप्लेटला प्रकाश देण्याची वाट मोकळी होते. यालाच फॉस्फोरेसंट ओलेड म्हणतात. 2012 साली जपानच्या क्युशू विद्यापीठातील चिहाया अडाची यांच्या गटाने जड धातूशिवायही ही ऊर्जा वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. तेथेही यजमानाची गरज सुटली नाही.

आता आकडे पाहू. हिरव्या इरिडियम पाहुण्याची ट्रिप्लेट पातळी सुमारे 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्याच्यासाठी 'सीबीपी' नावाचा यजमान वापरला गेला. त्याची पातळी सुमारे 2.56. कालवा वर, शेत खाली; पाणी व्यवस्थित उतरले. मग निळा इरिडियम पाहुणा आला. त्याची पातळी सुमारे 2.65. आता शेत कालव्याहून उंच झाले. ऊर्जा पाहुण्याकडून यजमानाकडे परत जाऊ लागली. 2001 मधील अशा निळ्या दिव्याची कार्यक्षमता सहा टक्क्यांच्या जवळपास अडली. 2003 साली 'एमसीपी' हा 2.9 पातळीचा यजमान वापरण्यात आला. तेव्हा ती साडेसात टक्क्यांच्या आसपास पोहोचली. पाहुणा तोच होता, फक्त त्याचे घर बदलले होते.

5. सीबीपी घडते कसे?

आता प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जाऊ. सीबीपी हा यजमान रेणूंच्या कुळातील मूळ पुरुष म्हणता येईल. त्याची घडण समजली की इतरांची समजण्यास वेळ लागत नाही.

त्याचा मुख्य घटक कार्बाझोल. 1872 साली ग्रेबे आणि ग्लासर या रसायनशास्त्रज्ञांनी तो कोळशाच्या डांबरातून वेगळा केला. दोन बेंझीन वलये आणि त्यांना सांधणारा, नायट्रोजनचा अणू असलेला मधला पाच बाजूंचा दुवा, अशी त्याची आकृती आहे. रंगाच्या कारखान्यात याच कार्बाझोलपासून एक पक्का जांभळा रंग करतात. कापडाचे रंग आणि मोबाईलचा पडदा यांचे रसायनशास्त्र असे एकाच कुळातले आहे.

दुसरा घटक 4,4'-डायब्रोमोबायफेनिल. एकमेकांना जोडलेली दोन बेंझीन वलये आणि त्यांच्या दोन्ही टोकांस ब्रोमीनचा एकेक अणू. या दोन टोकांवरील ब्रोमीन काढून तेथे एकेक कार्बाझोल बसविला की सीबीपी तयार होते. डंबेलच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी वजने लावावीत, तशी ही रचना.

कार्बनला नायट्रोजन जोडण्याची ही अभिक्रिया उलमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. तांब्याची पूड किंवा तांब्याचे संयुग हा तिचा उत्प्रेरक. बाहेर पडणारे आम्ल शोषून घेण्यासाठी पोटॅशियम कार्बोनेट घालतात. उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात, नायट्रोजन वायूच्या आवरणाखाली, दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास हे मिश्रण दीर्घकाळ तापवीत ठेवतात. पॅलेडियम धातूचा उत्प्रेरक वापरणारी नवी रीतही आता प्रचलित आहे. तिच्यात तापमान कमी लागते.

विद्यार्थ्यांनी येथे वहीत हिशेब मांडावा. डायब्रोमोबायफेनिलचा रेणुभार 312. कार्बाझोलचा 167, आणि तो दोनदा लागतो, म्हणून 334. एकूण 646. त्यातून हायड्रोजन ब्रोमाइडचे दोन रेणू, म्हणजे 162, बाहेर जातात. उरतात 484. सीबीपीचा रेणुभार अपूर्णांक धरून 484.6 आहे. म्हणजे सारे काही निर्दोष घडले तरी 646 ग्रॅम मालातून 484 ग्रॅमपेक्षा अधिक सीबीपी मिळू शकत नाही. प्रत्यक्षात ते त्याहून कमीच मिळते. एका बाजूस कार्बाझोल लागला आणि दुसरी बाजू तशीच राहिली, असेही काही रेणू तयार होतात.

6. खरी कसोटी शुद्धतेची

रसायनशास्त्राच्या अनेक शाखांत 98 टक्के शुद्धता उत्तम समजली जाते. यजमान रेणूला ती पुरत नाही. अभिक्रियेत अर्धवट राहिलेला ब्रोमीनयुक्त रेणू किंवा उत्प्रेरकातील धातूचा कण थरात शिरला, तर तो विद्युतभार अडवितो किंवा ऊर्जा गिळतो. दिवा पहिल्या दिवशी नीट लागतो, परंतु त्याचे आयुष्य घटते. म्हणून येथे 99.9 टक्क्यांहून अधिक शुद्धता मागितली जाते.

ती मिळविण्याच्या पायऱ्या अशा. प्रथम गरम द्रावण गाळून तांबे वेगळे करावयाचे. मग सिलिकाच्या स्तंभातून द्रावण सावकाश उतरवून घटक वेगळे करावयाचे. त्यानंतर गरम द्रावकात विरघळवून, थंड करून, पुन्हा स्फटिक मिळवावयाचे. आणि शेवटची पायरी संप्लवनाची. वंदनेच्या वेळी पेटविण्यापूर्वीचा कापूर डबीत ठेवला तर तो न वितळता हवेत विरत जातो, हे सर्वांनी पाहिले आहे. घनाचे द्रव न होता थेट वायू होणे, हेच संप्लवन. प्रयोगशाळेत एका लांब काचनळीत निर्वात करून एक टोक तापवितात. पदार्थाची वाफ होऊन ती नळीत पुढे सरकते. नळीचे तापमान टोकाकडे क्रमाने उतरत असल्याने प्रत्येक घटक आपापल्या तापमानाच्या पट्ट्यात थिजतो. जड अशुद्धी मागे राहते, हलकी पुढे निघून जाते आणि मधल्या पट्ट्यात शुद्ध यजमान जमतो. कधी ही क्रिया दोनदा, कधी तीनदा करावी लागते. प्रत्येक वेळी थोडा माल गमवावा लागतो. परंतु तो गमाविण्याची तयारी नसेल, तर चांगला दिवा मिळत नाही.

7. एक गुण साधताना दुसरा सुटतो

यजमान रेणूची रचना करणाऱ्यापुढील खरी अडचण पुढे आहे. सीबीपीचा थर सुमारे 62 अंश तापमानाला मऊ पडू लागतो. मलकापूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो. उन्हात उभ्या मोटारीत तापमान त्याहून पुष्कळ वाढते. थर मऊ झाला की रेणू हलतात, स्फटिक बनू लागतात आणि पाहुणे एकमेकांजवळ येऊन विझतात. म्हणून रेणू मोठा आणि ताठर करावा, असे सुचते. परंतु बेंझीनची वलये एकापुढे एक सरळ जोडीत गेल्यास इलेक्ट्रॉन दूरवर पसरतात आणि ट्रिप्लेट पातळी खाली येते. थर टिकाऊ होतो, पण कालवा शेताच्या खाली जातो.

एमसीपीमध्ये यावर एक साधा उपाय केला आहे. दोन कार्बाझोल एकाच बेंझीन वलयावर, परंतु समोरासमोर न बसविता, एक जागा सोडून बसविले. त्यामुळे एका बाजूचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूपर्यंत सहज पसरत नाहीत आणि ऊर्जेची पातळी उंच राहते. पण एमसीपीही उष्णतेत टिकाऊ नाही. पुढील संशोधकांनी मध्ये सिलिकॉनचा अणू ठेवून, किंवा दोन सपाट भाग एकमेकांशी काटकोनात बसवून, रेणू जाडजूड केला आणि तरीही इलेक्ट्रॉनांचा विस्तार रोखला. कोणी कार्बाझोलसारखा होल वाहणारा भाग आणि पिरिडीन किंवा ट्रायझीन यांसारखा इलेक्ट्रॉन वाहणारा भाग एकाच रेणूत एकत्र आणले, म्हणजे दोन्ही भार समप्रमाणात थराच्या मध्यावर भेटतील.

निळ्या रंगाचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. निळ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा सुमारे 2.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आणि कार्बन-नायट्रोजन बंधाची ताकद त्याहून फार अधिक नाही. दोन उत्तेजित अवस्था एकमेकींवर आदळल्या तर त्यांची एकत्रित ऊर्जा यजमानाचा बंध तोडू शकते. हिरवे आणि तांबडे फॉस्फोरेसंट दिवे दीर्घकाळ टिकतात. निळे त्या मानाने लवकर थकतात. म्हणून आजवरच्या बहुतेक मोबाईल पडद्यांत निळ्यासाठी कमी कार्यक्षम असा फ्लुओरोसंट प्रकारच वापरला गेला. चांगला निळा यजमान ही या क्षेत्रातील मोठी उणीव आहे, आणि उणीव म्हणजेच नवागतासाठी मोकळी जागा.

8. हे काम आपल्या जवळही चालते

असे संशोधन परदेशातच होते, हा समज दूर केला पाहिजे. मुंबईत 1933 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्राची भक्कम परंपरा उभी राहिली. प्रा. के. वेंकटरामन यांनी तेथे आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ती वाढविली. प्रकाश शोषणाऱ्या रंगद्रव्यांचे ज्ञान हे प्रकाश देणाऱ्या रेणूंच्या ज्ञानाचे प्रवेशद्वार आहे.

विदर्भापुरते बोलावयाचे तर नागपूरचे नाव प्रथम घ्यावे लागेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दीप्तिमान पदार्थांवर दीर्घकाळ काम झाले आहे. तेथील प्रा. संजय ढोबळे, नागपूरच्याच लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेतील एन. थेजो कल्याणी आणि दक्षिण आफ्रिकेतील हेंड्रिक स्वार्ट यांनी मिळून ओलेडची तत्त्वे आणि उपयोग यांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ 2017 साली एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. नागपूरच्या या संशोधकवर्तुळात ॲल्युमिनियम-क्विनोलीनसारखी संयुगे तयार करून अभ्यासली गेली, तसेच निळा प्रकाश देणारी डायफेनिल क्विनोलीन कुळातील संयुगेही घडविण्यात आली. ही दुसरी संयुगे फ्रिडलँडर अभिक्रियेने होतात. ॲमिनोबेंझोफिनोन आणि ॲसिटोफिनोन ही दोन संयुगे आम्लाच्या साहाय्याने तापविली की पाण्याचे रेणू बाहेर पडतात आणि नवे वलय बांधले जाते. ही अभिक्रिया 1882 पासून ज्ञात असून पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकविली जाते.

हे सांगण्याचा हेतू एवढाच की, या विद्येचा पहिला उंबरठा फार उंच नाही. 8-हायड्रॉक्सिक्विनोलीन अल्कोहोलमध्ये विरघळवावे, ॲल्युमिनियमच्या क्षाराचे पाण्यातील द्रावण तीनास एक या रेणुप्रमाणात त्यात मिसळावे, अमोनियाचे थेंब सोडून आम्लता कमी करावी. पिवळा साका पडतो. तो धुऊन, वाळवून अतिनील दिव्याखाली धरला की हिरवा प्रकाश देतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली पदवी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे होऊ शकते. पुढील पायऱ्यांना मात्र निर्वात यंत्रे, शुद्धतेची उपकरणे आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते.

9. पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी

1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. 1943 साली युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न देशाच्या औद्योगिकीकरणाशी आणि पर्यायाने दारिद्र्याच्या प्रश्नाशी जोडला. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची उभारणीही त्यांच्याच कारकिर्दीत झाली. वीज ही त्यांच्या दृष्टीने केवळ सोय नव्हती. माणसाला गरिबीतून सोडविण्याचे ते साधन होते. ज्या समाजाच्या वस्त्यांत दिवे सर्वांत शेवटी आले, त्या समाजातील मुलामुलींनी दिवा घडविण्याची विद्या हस्तगत करावी, हे त्या विचाराचेच पुढचे पाऊल होय. पडदे बहुतांशी बाहेरून येतात आणि आपण ते विकत घेतो. केवळ विकत घेणाऱ्याच्या जागी राहावयाचे की घडविणाऱ्याच्या जागी जावयाचे, हा प्रश्न आज शाळेत बसलेल्या मुलांचा आहे.

वाट स्पष्ट आहे. बारावीनंतर रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी. त्यासाठी आयआयटीची 'जाम' ही प्रवेशपरीक्षा आहे. पुढे संशोधनासाठी नेट आणि गेट या परीक्षा. अनुसूचित जातींतील संशोधक विद्यार्थ्यांसाठी पुण्याची 'बार्टी' ही संस्था अधिछात्रवृत्ती देते, आणि परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. मुलगी विज्ञान शाखेत जाते म्हणते तेव्हा पालकांनी खर्चाच्या भीतीने तिला थांबवू नये. आधी या योजनांची चौकशी करावी. जे माजी विद्यार्थी या वाटेने पुढे गेले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन हळदीचा तो प्रयोग मुलांपुढे करून दाखवावा. त्याला अतिनील दिव्याखेरीज फारसा खर्च नाही. मुलांनी त्या दिव्याकडे थेट पाहू नये, एवढी काळजी घ्यावी.

10. समारोप

तेल आणि वात यांच्या आधाराने दिवा जळतो, हे उदाहरण बौद्ध वाङ्मयात वारंवार येते. ज्योत स्वतंत्रपणे कोठे ठेवलेली नसते. कारणे एकत्र आली की ती प्रकटते आणि कारणे सरली की मावळते. प्रतीत्यसमुत्पादाचा हा विचार ओलेडच्या थरात अक्षरशः दिसतो. इलेक्ट्रॉन एकटा प्रकाश देत नाही, होल एकटा देत नाही, पाहुणाही एकटा देत नाही. सारी कारणे ज्या जागी योग्य उंचीवर, योग्य अंतरावर आणि शुद्ध अवस्थेत एकत्र येतात, ती जागा यजमान देतो.

निवासी शाळेत वाढलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पहाटे मुलांना उठविणारे अधीक्षक, भाकरी थापणाऱ्या मावशी, दिवा जाताच कंदील घेऊन वर्गात येणारे गुरुजी यांची नावे गुणवत्ता यादीत छापून येत नाहीत. यादीत पाहुण्यांची नावे असतात. या स्मरणिकेच्या पानांवर ज्यांचे सत्कार नोंदले आहेत, त्यांनी आपल्या यशामागील यजमानांची आठवण ठेवावी, आणि आता स्वतः कोणासाठी तरी यजमान व्हावे.

विचार करा : 1) यजमानाची ट्रिप्लेट पातळी 2.5 आणि पाहुण्याची 2.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यास काय होईल? 2) 31.2 ग्रॅम डायब्रोमोबायफेनिलपासून जास्तीत जास्त किती ग्रॅम सीबीपी मिळेल? 3) हळदीचा अर्क अधिकाधिक दाट करीत गेल्यास त्याचे तेज कसे बदलते, ते करून पाहा आणि निरीक्षण वहीत नोंदवा.